मुख्य काम, वरकाम

वेंटवर्थव्हिल, सिडनी
१२ ऑगस्ट २०२४

यतिनराव,

मावसबहिणीच्या नवऱ्याला ‘राव’ लावायची आपल्याकडे रीत आहे म्हणून लावला. तुझे कागद वाचल्यावर तशी इच्छा उरली नव्हती. इथून पुढे अरे-तुरे करतो. टॅक्सच्या गोष्टी अहो-जाहोमध्ये बोलल्या की माणूस मुद्द्यावर येत नाही.

टॅक्स ऑफिसने तुझे चार वर्षांचे कागद मागवलेत. घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. घाबर, पण शिस्तीत घाबर.

परिस्थिती अशी आहे. ‘सह्याद्री ग्लोबल सोल्युशन्स’ नावाची एक लिमिटेड कंपनी आहे. तिचा डायरेक्टर तू, शेअरहोल्डर तू, इंजिनिअर तू आणि चहा करणाराही तू. गिऱ्हाईक एकच, ती बँक, आणि आठ वर्षं तीच. बँकेला माणसं पुरवणाऱ्या एजंटने सांगितलं की कंपनी काढलीस तरच काम मिळेल, म्हणून तू कंपनी काढलीस. यात ग्लोबल नेमकं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. टॅक्स ऑफिसचं म्हणणं इतकंच, की पैसा एका माणसाच्या डोक्यामुळे आणि हातांमुळे येत असेल तर मध्ये कंपनीची पाटी टांगली तरी तो त्या माणसाचाच पैसा. त्याचा टॅक्स त्यानेच भरायचा, बायकोच्या नावावर वळवायचा नाही.

आता बायको. मयूराला कंपनी वर्षाला साठ हजार पगार देते. घरच्या माणसाने ‘मुख्य काम’ केलं असेल, म्हणजे बँक ज्याचे पैसे मोजते तेच काम, तर तो पगार खर्चात धरतात. इन्व्हॉइस पाठवणं, फोन घेणं, फायली लावणं याला त्यांच्याकडे सपोर्टचं काम म्हणतात. मी त्याला वरकाम म्हणतो. वरकामासाठी बायकोला दिलेला पगार हा खर्च नव्हे, ती पाडव्याची ओवाळणी.

तेव्हा प्रश्न एकच आहे : मुख्य काम कोण करतं? वरकाम ठरलं तर दंड आणि व्याज धरून साधारण ऐंशी हजार डॉलर भरावे लागतील, आणि तुमचं ग्लेन वेव्हर्लीचं घर आधीच कर्जात अडकलेलं आहे. उत्तराला सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत आहे. लिहून कळव. मी फोनवर टॅक्स बोलत नाही, फोनवर माणसं फार गोड खोटं बोलतात.

मुरलीधर

ता. क. माझ्या बहुतेक कॉन्ट्रॅक्टर क्लायंटांच्या बायका कंपनीच्या पगारावर आहेत. एकीला विचारलं, ‘वहिनी, कंपनीत काय बघता?’ म्हणाली, ‘कुठली कंपनी?’

*

ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न
१७ ऑगस्ट २०२४

मुरलीदादा

तुझा मेल मिळाला मजा आली आणि भीतीपण वाटली मूर्ख काम मीच करतो मयूरा मदत करते थोडीफार इन्व्हॉइस वगैरे आणि कधी कधी टायपिंग तिचा पहाड तू म्हणालास म्हणूनच सुरू केला होता

एक विनंती बँकेला यात आणू नकोस त्यांना पत्र नको फोन नको माझं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी नवीन होतं आणि एजंटला संशय आला की तो दोन आठवड्यांची नोटीस देऊन मोकळा होतो ईशानीची अकरावी चालू आहे शाळेच्या हद्दीतलं घर सोडून चालणार नाही

बाकी सगळं छान पाठ धरलीये म्हणून गाडी हल्ली मयूराच चालवते नो वरीज

यतिन

*

वेंटवर्थव्हिल
२१ ऑगस्ट २०२४

यतिन,

मूर्ख काम तूच करतोस याबद्दल मला कधीच शंका नव्हती, पण ते लेखी कळवलंस हे बरं झालं. आणि मयूराचा ‘पहाड’ मी सुरू करायला सांगितला? मी पगार म्हणालो होतो, रे. मेलमध्ये एक स्वल्पविराम नाही, एक पूर्णविराम नाही. फोनशी बोलून मेल लिहितोस का हल्ली? एवढा इंजिनिअर, आणि पाठवण्याआधी स्वतःचं लिहिलेलं एकदा वाचवत नाही? डोळे फुटले का?

असो. मला तुम्हा दोघांचे शपथेवरचे जबाब लागतील. कोण काय करतं, आठवड्याला किती तास. ‘थोडीफार’, ‘वगैरे’ आणि ‘कधी कधी’ हे शब्द काढून टाक. त्या तीन शब्दांवर आपला निम्मा समाज इथे संसार करतो, पण टॅक्स ऑफिसला ते समजत नाहीत.

मुरलीधर

*

ग्लेन वेव्हर्ली
१ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझा मेल मी यतिनला वाचून दाखवला. एका वाक्यापाशी थांबले. मग तेही वाचलं, कारण मी काही गाळलं की त्याला लगेच कळतं.

हो दादा, फुटले.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, पाच वर्षं झाली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग नळीतून बघितल्यासारखं. आता नळीच्या टोकालाही धुकं आहे. पाठ ठणठणीत आहे. पाठ लोकांना सांगायला बरी पडते, कोणी तपासून बघत नाही.

सुरुवातीला तो सांगायचा आणि मी टाइप करायचे. ती मदत होती, मान्य. मग तो सांगायचा अर्धं आणि उरलेलं मी लिहायचे. मग मी लिहून त्याला वाचून दाखवायचे. मग वाचून दाखवायलाही वेळ उरेना. नेमक्या कुठल्या दिवशी मदतीचं काम झालं ते मला सांगता येणार नाही. पण बँकेने घरकर्जाचे हप्ते जुळवायचा जुना प्रोग्राम बदलायला दिला तो सगळा मी लिहिलाय, पहिल्या ओळीपासून. तुला आठवत नसेल, पण पुण्यात मी सहा वर्षं हेच करत होते, आणि यतिनपेक्षा माझा पगार जास्त होता. लग्नात तुम्ही सगळ्यांनी त्यावर विनोद केले होते.

मीटिंगमध्ये तो बोलतो. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, डाळींच्या डब्यांच्या बाजूला बसते. प्रश्न आला की त्याच्या गुडघ्यावर खूण करते. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, मूठ दाबली की ‘आय विल गेट बॅक टू यू’. बँकेत त्याचं नाव आहे म्हणे, की हा माणूस कधी घाईघाईत उत्तर देत नाही.

त्याला मदत हाच शब्द आवडतो. पूर्वी तो माझ्यासाठी कोथिंबीर निवडायचा ती मदत, आणि मी चाळीस हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला तीही मदत. मी वाद घालत नाही. ज्याचं बाकी सगळं हातातून चाललंय त्याच्याकडून एक शब्द काय काढून घ्यायचा?

पण तू शपथेवर मागतोयस. काय लिहू?

मयूरा

*

वेंटवर्थव्हिल
६ सप्टेंबर २०२४

मयूरा,

ते वाक्य मागे घेतो. घेता येत नाही हे माहीत आहे.

माझी अजून एक चूक झाली. आठ वर्षं तुमच्या कंपनीचे कागद बघतोय, तुझ्या पगाराच्या स्लिपा माझ्याच ऑफिसातून निघतात, आणि तू काय करतेस हे मी तुला एकदाही विचारलं नाही. इतरांच्या बायकांसारखीच तू, असं धरून चाललो. माझ्या धंद्यात बायको हा खर्चाचा एक प्रकार असतो.

आता नीट वाच. खरं लिहिलंस तर नियम तुझ्या बाजूने आहे. तू मुख्य काम केलंस, तुझा पगार रास्त, टॅक्स वाचला. पण ऑफिसर पुरावा मागेल. सगळं काम बँकेच्या मशीनवर, यतिनच्या नावाने आणि यतिनच्या पासवर्डने झालेलं आहे. पुरावा बँकेकडेच मागावा लागेल. करारात लिहिलंय की काम यतिननेच करायचं आणि पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही. म्हणजे ज्या दिवशी तू खरी ठरशील त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्ट जाईल, आणि बँक मागे लागली तर वेगळंच.

तो नोकरीत असता तर आजारपणाची रजा होती, काढून टाकण्याआधी चार वेळा विचार झाला असता. पण टॅक्सपुरता तो एकटा माणूस आहे आणि आजारापुरता तो लिमिटेड कंपनी आहे. कंपनीला डोळे नसतात.

खोटं लिहिलंस तर ऐंशी हजार जातील. ते हप्त्यांनी भरता येतात, आणि वर्षाचे एक लाख ऐंशी हजार येत राहतात. मी अकाउंटंट आहे. मला यातली मोठी रक्कम कुठली ते दिसतं.

लिही : इन्व्हॉइस, फोन, फायली, आठवड्याला आठ तास. कमी शब्दांत लिही.

मुरलीदादा

*

ग्लेन वेव्हर्ली
१८ सप्टेंबर २०२४

मुरलीदादा,

काम झालं. इथे शपथेच्या कागदावर फार्मसिस्टही साक्षीदार म्हणून सही करतो हे मला माहीतच नव्हतं. खोकल्याच्या औषधांच्या काउंटरवर दोघांनी सह्या केल्या. त्याने मयूराला विचारलं, ‘ऑल ट्रू अँड करेक्ट?’ ती म्हणाली, ‘येस.’ मला वाटलं होतं ती थांबेल. थांबली नाही.

परवा टॅक्स ऑफिसच्या माणसाचा फोन आला होता. सभ्य होता. त्याने विचारलं, सो व्हॉट डझ युअर वाइफ डू? मी म्हटलं, शी हेल्प्स मी आउट अ बिट. त्याने लिहून घेतलं.

मला कल्पना आहे तुला मयूराने सगळं सांगितलंय. त्याबद्दल आपण बोलायला नको. तिने केलं ते कुठल्याही बायकोने केलं असतं.

यतिन

(टंकलेखन : मयूरा. आधीच्या वाक्यासकट. वरकाम.)

*

वेंटवर्थव्हिल
४ फेब्रुवारी २०२५

यतिन आणि मयूरा,

निकाल सोबत जोडलाय. पाच महिने लागले त्यांना, आणि आपण ठरवल्याप्रमाणे हरलो. ऑफिसरने लिहिलंय की पत्नीचं काम ‘मदतीच्या स्वरूपाचं’ होतं, मुख्य कामात तिचा वाटा नाही, सबब चार वर्षांचा पगार नामंजूर. एकूण आकडा ब्याऐंशी हजार. मी तीन वर्षांचे हप्ते मागितलेत, मिळतील.

यतिन, तुझ्या एका शब्दावर त्याने अख्खा परिच्छेद लिहिलाय. मी तीस वर्षांत कुठल्या क्लायंटचा जबाब इतका पूर्ण मानलेला बघितला नाही.

कॉन्ट्रॅक्ट सांभाळा. आता सगळं त्याच्यावर आहे.

मुरलीधर

*

ग्लेन वेव्हर्ली
२ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

कॉन्ट्रॅक्ट गेलं. एजंटचा दोन ओळींचा मेल आला, त्यातली एक ‘चिअर्स मेट’ होती. कोणाला काही कळलं वगैरे नाही. बँकेने बाहेरची माणसं कमी केली आणि काम पुण्याला दिलं, एवढंच. आमच्या गुपिताशी त्याचा काही संबंध नाही. आम्ही ज्याच्यापासून लपत होतो तो आम्हाला शोधतच नव्हता.

शेवटचे दोन आठवडे पुण्याच्या टीमला काम समजावून द्यायचं होतं. तिकडून तिघं जण, त्यांची प्रमुख चारुता नावाची मुलगी. हुशार आहे. मी माझाच प्रोग्राम यतिनच्या तोंडून तिला शिकवला. समोरून मराठी ऐकून यतिनही खुलला होता. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, ‘सर, प्रोग्राममध्ये जागोजागी तुम्ही ज्या टिपा लिहून ठेवल्यात ना, त्या वाचून कोणीतरी शेजारी बसून समजावतंय असं वाटतं. इतकं कोण लिहितं हल्ली?’

माझा हात त्याच्या गुडघ्यावर होता. मी काहीच खूण केली नाही. एक बोट नाही, दोन नाही, मूठ नाही.

तो म्हणाला, ‘थँक यू.’

कॉल संपला. मी लॅपटॉप बँकेच्या खोक्यात भरला आणि भात लावला.

मयूरा

*

ग्लेन वेव्हर्ली
१४ मे २०२५

प्रिय दादा,

बँकेने जाहिरात दिली आहे. पुण्याच्या टीमशी समन्वय ठेवायला मेलबर्नमध्ये एक माणूस हवा, कायमच्या नोकरीवर. हप्ते जुळवायच्या प्रोग्रामची माहिती असलेल्याला प्राधान्य. माझ्या माहितीप्रमाणे पृथ्वीवर असा एकच माणूस आहे.

मी अर्ज केला. चार दिवसांत उत्तर आलं : अलीकडच्या काळातला संबंधित अनुभव दिसत नाही. ‘पण आमच्याकडे रस दाखवल्याबद्दल आभार.’ मी फोन केला. तिकडची बाई गोड होती. म्हणाली, ‘डार्ल, तुमच्या अर्जात सतरा वर्षांची गॅप आहे. मधल्या काळात काय करत होतात त्याचं काहीतरी लेखी असेल तर पाठवा ना, मी फाइल उघडी ठेवते.’

तर लेखी हवंय. सह्याद्रीचा अकाउंटंट म्हणून तू एक पत्र देऊ शकतोस की मी पाच वर्षं कंपनीत सॉफ्टवेअरचं काम केलं. खरंच केलंय, हे तुला माहीत आहे.

घाई यासाठी करतेय की काल घर विकणारा एजंट येऊन खोल्या मोजून गेला. ईशानीने तिच्या खोलीचं दार उघडलं नाही. यतिन त्याच्यामागे भिंतीला हात लावत फिरत होता. एजंटला वाटलं तो भिंतींची मजबुती दाखवतोय.

मयूरा

*

वेंटवर्थव्हिल
१७ मे २०२५

मयूरा,

पत्र देता येत नाही.

तू आठ तास फायली लावतेस असा कागद तुझ्या सहीने टॅक्स ऑफिसात पडलेला आहे, आणि तो मी दाखल केलाय, खरं माहीत असताना. आता मीच उलटं लिहून दिलं आणि ते कुठे समोरासमोर आलं तर तुमच्यावर खोट्या जबाबाची केस होईल आणि माझी टॅक्स एजंटची नोंदणी जाईल. माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत. थोरल्याचं मेडिकलचं दुसरं वर्ष आहे. हे तुला सांगताना मला कसं वाटतंय ते राहू दे.

‘कारकुनी स्वरूपाचं साहाय्य’ असं लिहून देऊ शकतो. ते कागदांशी जुळतं. उपयोग होणार नाही.

जूनअखेर माझ्याकडे रिटर्न्सची गर्दी असते. तुला घरून करता येईल असं डेटा भरण्याचं काम आहे, तासाला अठ्ठावीस डॉलर. बघ. रागावू नकोस. मी आजवर दुसऱ्यांच्या खोट्यावर हसून पोट भरलं. मी सुचवलेलं पहिलं खोटं घरच्याच माणसाला विकलं, आणि तेही तोट्यात.

मुरलीदादा

*

ग्लेन वेव्हर्ली
९ जून २०२५

प्रिय दादा,

तुझं डेटाचं काम नको. तू मनापासून विचारलंस हे मला कळलं.

मी टॅक्स ऑफिसच्या निकालावर हरकत दाखल करतेय. मुख्य काम कोण करतं या प्रश्नापुढे माझं नाव लिहिलंय. आधीचा जबाब खोटा होता, तो का दिला आणि कोणाच्या सल्ल्याने दिला हेही त्यात सांगावं लागतं. ते मी लिहिलं. तुझं नाव आलंय. गाळता येईल का ते मी दोन दिवस बघितलं. गाळलं की पुढचं खरं वाटत नाही. वकील बघून ठेव. प्रतापकाकांचा मुलगा हे करतो ना?

पुराव्यासाठी बँकेला लिहावं लागेल हे माहीत आहे. आता बँक आमचं काय काढून घेणार? खटला भरतील, दंड होईल. घर विकल्यावर जे उरेल त्यातून देऊ. कदाचित काहीच उरणार नाही. क्लेटनला युनिव्हर्सिटीजवळ दोन खोल्या बघितल्यात. ईशानी बारावी इथल्याच शाळेतून पुरी करेल, बसने येऊन.

यतिन तीन आठवडे नाहीच म्हणत होता. ‘सगळ्यांना कळेल,’ एवढंच. मी विचारलं, ‘काय कळेल, तुझे डोळे की माझं काम?’ शनिवारी जेवताना ईशानी म्हणाली, ‘डॅड, एव्हरीवन इन धिस हाउस ऑलरेडी नोज.’ तो जेवायचा थांबला. हात धुवून आला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. म्हणाला, ‘बँकेला यादी लागेल. कुठला भाग कधी दिला, कोणी मागितला, तू किती दिवसांत लिहिलास. तारखा मला पाठ आहेत.’

दादा, त्याने पाच वर्षांतल्या एकशे चौदा तारखा सांगितल्या. एकेक मी नंतर ताडून बघितली, दोनच चुकल्या. प्रत्येक तारखेनंतर तो म्हणत होता, ‘हे मयूराने लिहिलं.’ पहिल्यांदा म्हणायला त्याला फार वेळ लागला. चाळिसाव्या तारखेनंतर मी म्हटलं, ‘दर वेळी म्हणायला नको, मी वरती एकदाच लिहीन.’ तो म्हणाला, ‘नाही, लिही.’

आज दुपारी त्याची सही घेतली. कुठे करायची ते दिसत नाही म्हणून मी त्याचं बोट रेषेवर नेऊन टेकवलं. नाव रेषेवर आलं, पण आडनाव घसरून खालच्या छापील मजकुरावर गेलं. वाचता येतं, पण रेषेवर नाही.

अशी सही चालते का, एवढंच कळव. चालत नसेल तर दुसरी प्रत काढून ठेवली आहे.

मयूरा